पाभरीचे दुसरे चाडे : सुधारणेला नवनिर्मिती म्हणावे काय?

रब्बी हंगामाच्या तोंडावर गावोगाव पेरणीची प्रात्यक्षिके होतात. अशा प्रात्यक्षिकात दोन चाड्यांची पाभर मांडली की जमलेल्या मंडळींत बहुधा दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एखादे वयस्क शेतकरी पाभरीभोवती फेरी घालतात, दिंडावरून हात फिरवितात आणि म्हणतात, "साहेब, ही तर आमचीच पाभर. एक चाडे वाढविले, तीन नळ्या जास्त लावल्या. ह्यात नवीन ते काय आणले?" त्यांच्या मागे उभा असलेला शिकलेला तरुण हसून म्हणतो, "आबा, नवीन पाहायचे तर ट्रॅक्टरचे यंत्र पाहा. हे म्हणजे जुन्याला ठिगळ."

वयाने दोघांत चाळीस वर्षांचे अंतर असले तरी दोघांचा समज एकच आहे. जे पूर्वी कधी पाहिले नाही ते नवे. जे ओळखीचे दिसते ते जुने, मग त्यात काही फेरफार केलेला असो वा नसो. हा समज बरोबर आहे की नाही, ह्याचा विचार ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने अवश्य केला पाहिजे, कारण त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. दुसरे चाडे हे नुसते ठिगळ आहे असे ठरले तर शेतकरी त्यासाठी सुताराला मजुरी देणार नाही, आणि रासायनिक खत पूर्वीप्रमाणे वरून फोकून देत राहील. आणि बाहेरून आले तेच नवे अशी खुद्द कार्यकर्त्याचीच समजूत असली, तर त्याच्याच गावातील एखाद्या शेतकऱ्याने किंवा सुताराने केलेली उपयुक्त सुधारणा त्याच्या डोळ्यांसमोर असूनही त्याला दिसणार नाही.

म्हणून ह्या पाठात एकच अवजार घेऊन त्याचा नीट तपास करावयाचा आहे.

जुनी पाभर

पाभरीची रचना सर्वांच्या परिचयाची आहे. बाभळीचे दिंड, त्यात बसविलेले फण, फणांना लोखंडी टोके, प्रत्येक फणामागे उघडणारी बांबूची नळी, आणि ह्या सर्व नळ्या जेथे एकत्र येतात ते लाकडी चाडे. तीन फण असले तर ती तिफण. औत हाकणारा पुढे लक्ष ठेवतो आणि चाड्यावर मूठ धरणारी बाई मागून चालत राहते. चाड्याच्या तळाशी असलेल्या तिन्ही छिद्रांत दाणे सारखे पडावेत म्हणून ती मुठीतून बी सोडताना बोटांची जी हालचाल करते, ती पुस्तकातून शिकविता येण्यासारखी नाही. मूठ चुकली की एक तास दाट आणि शेजारचे विरळ उगवते, आणि ते पुढे चार महिने सर्व गावाला दिसत राहते!

ह्या साध्या दिसणाऱ्या अवजाराने तीन कामे एका वेळी साधतात. बी ओळीत पडते, त्यामुळे पुढे कोळपे चालविता येते. बी ओलीत पडते, कारण फण वरचा कोरडा थर फाडून खाली जातो. आणि बी सारख्या खोलीवर पडते, त्यामुळे उगवण एकदम होते. युरोपात पेरणीच्या यंत्राचा उल्लेख निघाला की इंग्लंडातील जेथ्रो टल ह्याचे नाव घेतले जाते. त्याचे यंत्र इ. स. १७०१ च्या सुमाराचे. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन थॉमस हॉलकॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतातील शेतकरी औताने ओळीत पेरणी करताना पाहिले, तेव्हा त्याला आपला समज बदलावा लागला. पेरणीचे औत हा युरोपातील अलीकडचा शोध आहे, असे तो तोपर्यंत धरून चालला होता. त्याने ह्या पेरणीची माहिती इंग्लंडातील कृषि मंडळाला कळविली आणि ती १७९७ साली तेथे छापली गेली. तेव्हा "आमचीच पाभर" असे म्हणणाऱ्या आबांचा अभिमान रास्त आहे. प्रश्न त्यापुढचा आहे.

अंतर बदलले, अवजार तेच

पाभरीत पहिली महत्त्वाची सुधारणा झाली तिच्यात एकही नवा भाग नव्हता. सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे काम सुरू झाले. त्यातून पुढे "मुंबई कोरडवाहू शेतीपद्धती" म्हणून जी पद्धत प्रसिद्धीस आली, तिच्यात बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा नांगरट, पेरणीपूर्वी कुळवाच्या अनेक पाळ्या आणि कमी बियाणे ह्यांबरोबर एक लहानसे कलम होते. दोन तासांतील अंतर १२ इंचांऐवजी १८ इंच ठेवावे. आज रब्बी ज्वारीसाठी ४५ सें. मी. अंतराची जी शिफारस केली जाते ती ह्याच मापाची.

सुताराच्या दृष्टीने हे काम अर्ध्या दिवसाचे. दिंडाला भोके थोडी लांब पाडली की झाले. परंतु रब्बी ज्वारीला पीकभर पाणी मिळते ते पावसाचे नव्हे, तर जमिनीने साठवून ठेवलेले. ओल ठराविक, तिच्यावर जगणारी ताटे मात्र दाट, अशी स्थिती असली म्हणजे पीक पोटरीत येईपर्यंत हिरवेगार दिसते आणि दाणा भरण्याच्या वेळी ओल संपून जाते. अंतर वाढविल्याने ताटे कमी झाली, प्रत्येक ताटाच्या वाट्याला ओल अधिक आली, आणि रुंद पट्ट्यातून कोळपे मोकळेपणाने फिरू लागल्यामुळे भेगा बुजून ओल उडून जाणेही कमी झाले. ह्यात नवे काय होते? लाकूड, लोखंड, बांबू, बैल, मूठ धरणारी बाई, सर्व तेच. नवे होते ते ओल आणि ताटांची संख्या ह्यांच्या हिशेबाचे ज्ञान. ते दिंडावरील दोन भोकांमधील अंतरात उतरले होते. अवजाराकडे नुसते पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

दुसऱ्या चाड्याची गरज का पडली?

रासायनिक खतांचा वापर वाढू लागला तेव्हा जुन्या पाभरीपुढे एक नवीन अडचण उभी राहिली. तोपर्यंत खत म्हणजे शेणखत किंवा कंपोस्ट. ते पेरणीपूर्वी शेतात पसरून कुळवाने मिसळावयाचे. नवे खत त्याच सवयीने फोकून देण्यात येऊ लागले. पावसाळी हंगामात वरून पाऊस येतो, खत विरघळते, थोडेफार खाली जाते. रब्बीत मात्र तसे घडत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते, त्यानंतर पावसाचा भरवसा नसतो, आणि जमिनीचा वरचा थर वाळत जातो. वर पडलेले खत त्या कोरड्या थरातच राहते. मुळे मात्र ओलीच्या मागे खाली गेलेली असतात. खत आणि मुळे ह्यांची गाठच पडत नाही!

त्यातही प्रत्येक अन्नद्रव्याची गोष्ट वेगळी आहे. युरिया उघड्या जमिनीवर, विशेषतः विम्ल चुनखडीयुक्त काळ्या जमिनीवर पडून राहिला, तर त्यातील नत्राचा काही भाग अमोनिया वायूच्या रूपाने हवेत निघून जातो. स्फुरद उडून जात नाही, पण ते जेथे पडते तेथून फारसे हलतही नाही. चुन्याशी त्याचा संयोग होऊन ते पिकाला सहज न मिळणाऱ्या रूपात जाते. म्हणून स्फुरद जमिनीत सर्वत्र मिसळण्यापेक्षा मुळांच्या वाटेवर एका पट्टीत दिलेले चांगले. मातीशी त्याचा संबंध जितका कमी, तितका मुळांना लाभ जास्त.

मग बी आणि खत एकत्र करून एकाच चाड्यातून का पेरू नये, असे काही शेतकऱ्यांनी केले. त्याचे फळ त्यांना आठ दिवसांत दिसले. खत विरघळताना बियाभोवतीची ओल खारावते, बियाला पाणी ओढून घेता येत नाही, आणि युरियापासून निघणारा अमोनिया कोवळ्या मोडाला जाळतो. तासेच्या तासे रिकामी राहतात.

तेव्हा अट अशी ठरली : खत ओलीत पडले पाहिजे, बियाच्या जवळ पडले पाहिजे, परंतु बियाला चिकटता कामा नये. बियाच्या सुमारे ५ सें. मी. खाली किंवा बाजूला ते असावे. ह्या अटीतून दुसरे चाडे जन्माला आले. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. चांगल्या बांधणीच्या पाभरीत खताची नळी फणालगत खोल उघडते आणि बियाची नळी तिच्या मागे, थोडी वर. फण पुढे सरकताच मातीची एक थापी खतावर ढासळते आणि बी तिच्यावर पडते. बी व खत ह्यांच्यात जो मातीचा पडदा हवा तो असा आपोआप पडतो. त्यासाठी निराळी यंत्रणा लागत नाही. लागते ती दोन नळ्यांच्या तोंडांतील योग्य उंची आणि योग्य अंतर.

आबा म्हणतात ते खरे आहे. चाडे जुने, नळी जुनी, फण जुना. पण ह्या जुन्या भागांच्या जुळणीतून जे काम साधले ते जुन्या पाभरीने, मूठ धरणारी कितीही कसबी असली तरी, होण्यासारखे नव्हते. आणि तरुण ज्या ट्रॅक्टरच्या यंत्राकडे बोट दाखवितो त्याचे झाकण उघडून पाहावे. एका पेटीत बी, दुसऱ्या पेटीत खत, खाली नळ्या आणि फण. चाड्याची पेटी झाली, मुठीची जागा फिरत्या चकतीने घेतली आणि बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. बी आणि खत ह्यांच्यातील मातीचा पडदा मात्र तोच.

वॅट आणि नांगर

सुधारणेचा मान कमी लेखण्याची खोड शेतीपुरती नाही. पण कारखानदारीच्या इतिहासात तिला फारसे स्थान मिळालेले नाही. वाफेचे इंजिन जेम्स वॅटने शोधून काढले असे शाळेत शिकविले जाते. वास्तविक न्यूकोमेनचे इंजिन १७१२ पासून खाणींतील पाणी उपसण्याचे काम करीत होते. ग्लासगोच्या विद्यापीठात अशा इंजिनाचे एक लहान नमुनायंत्र वॅटकडे दुरुस्तीसाठी आले. ते वाफ फार खाते, ह्याचे कारण त्याने शोधले. वाफ थंड करण्यासाठी प्रत्येक खेपेस सबंध नळकांडेच थंड केले जात होते. १७६५ साली त्याने वाफ निवविण्याचे भांडे वेगळे काढले. १७६९ साली त्याला जो हक्क मिळाला तो नव्या इंजिनाचा नव्हता. इंजिनातील वाफेचा व इंधनाचा खर्च कमी करण्याच्या पद्धतीचा होता. एक भांडे वेगळे काढले, एवढीच ती सुधारणा. वॅटला कोणी दुरुस्ती करणारा कारागीर म्हणून बाजूस सारीत नाही.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला अधिक जवळचे उदाहरण नांगराचे. १८८९ साली भारताच्या शेतीची पाहणी करण्यासाठी डॉ. व्होल्कर ह्यांना इंग्लंडातून पाठविण्यात आले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात, आहे त्या परिस्थितीत येथील शेतकऱ्याच्या अवजारांत सुधारणेला फारसा वाव नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला. देशी नांगराला हसणाऱ्या अनेक गोऱ्या तज्ञांपेक्षा व्होल्कर अधिक समजूतदार होते. येथील बैल लहान, शेतकऱ्याजवळ भांडवल नाही, मोडलेला भाग गावात मिळत नाही. अशा स्थितीत परदेशी जड नांगर गळ्यात बांधण्यात अर्थ नव्हता. त्यांचे चुकले असेल तर इतकेच की परिस्थितीला अनुरूप अशी सुधारणा येथलाच कोणी करील, ही शक्यता त्यांनी फारशी धरली नाही.

दहाच वर्षांनी, १९०३ साली, लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. माती उलटविणाऱ्या वक्र पात्याचा नांगर हा काही त्यांचा शोध नव्हे. तसे परदेशी नांगर आधीपासून होते. लाकडी नांगर जमीन चिरतो, परंतु उलटवीत नाही, आणि त्यामुळे हरळी व कुंदा ह्यांसारख्या तणांच्या खोल मुळ्या व काशा जागच्या जागी राहतात. लोखंडी नांगराने त्या उघड्या पडून उन्हात वाळू लागल्या. तो नांगर येथल्या बैलांना ओढता येईल असा, येथेच ओतलेला आणि ज्याचा झिजलेला फाळ येथेच बदलून मिळेल असा असणे, ह्यात सर्व मर्म होते. तरीही लोखंडाने जमीन नासते ह्या समजुतीमुळे सुरुवातीची दोन वर्षे नांगर विकणे अतिशय जड गेले. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि त्या भागात लोखंडी नांगर म्हणजे किर्लोस्करांचा, असे समीकरण झाले. (ह्या नांगराचा पुढे अतिरेकही झाला. दरवर्षी खोल नांगरट केल्याविना जमीन कसली असे न मानणारे शेतकरी अजून भेटतात. सोलापूरच्या पद्धतीत ती तीन वर्षांतून एकदा सांगितली होती हे त्यांच्या ध्यानी आणून द्यावे.)

नावापुरती सुधारणा

येथवर वाचून प्रत्येक फेरफाराला नवनिर्मिती म्हणावे असा अर्थ कोणी काढू नये. "सुधारित" हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. रंग बदलला, नाव बदलले, दोन खिळ्यांऐवजी दोन नटबोल्ट आले आणि किंमत दीडपट झाली, अशी अवजारे बाजारात पुष्कळ आहेत. शेतकऱ्याचा अविश्वास अशा मालामुळे वाढतो आणि मग चांगली सुधारणाही त्या अविश्वासाला बळी पडते. आबांच्या प्रश्नामागे कदाचित असा एखादा अनुभव असेल. त्यांच्यावर चिडण्याचे कारण नाही.

भेद ओळखण्याचा मार्ग असा की अवजाराच्या रूपाकडे न पाहता त्याच्या कामाकडे पाहावे. पूर्वी जे होत नव्हते, किंवा होत असून नुकसान सोसावे लागत होते, ते आता होते काय? कोकणातील आंबा उतरविण्याचा झेला घ्या. जुन्या झेल्याने फळ ओढले जाते, देठ तुटतो, चीक फळावर ओघळून सालीवर डाग पडतात आणि देठाकडून फळ कुजू लागते. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने काढलेल्या नूतन झेल्यात पाते बसविलेले असल्यामुळे फळ देठासह कापून जाळीत पडते. काठी तीच, जाळी तीच. परंतु पेटीतील फळ बाजारात पोहोचते तेव्हा डागी नसते, आणि बागायतदाराचा दर त्यावर ठरतो. रंगविलेल्या काठीला असे काही दाखविता येणार नाही.

दुसरी गोष्ट, खरी सुधारणा एका जागी अडचण सोडविताना दुसऱ्या जागी अडचण उभी करते, आणि ती निस्तरल्याशिवाय सुधारणा पुरी होत नाही. हलक्या पाभरीवर दुसरे चाडे नुसते बांधून दिले तर फण उचलले जातात, पेरणी उथळ होते, आणि खत योग्य जागी पडले तरी बी कोरड्यात राहते. दमट हवेत युरियाचे गोळे होऊन नळी तुंबते; मूठ धरणारीला ते पंधरा-वीस पावले कळतही नाही. युरिया आणि सुपर फॉस्फेट एकत्र करून रात्रभर ठेवले तर मिश्रण ओलावते, म्हणून ते पेरणीच्या दिवशी, लागेल तेवढेच मिसळावे लागते. आणि दोन चाड्यांना मुठी दोन लागतात, म्हणजे एका बाईची मजुरी वाढली. मजुरी परवडते की खत वाया गेलेले परवडते, हा हिशेब प्रत्येक घराचा वेगळा. ह्या अडचणींपैकी एकेक ज्याने दूर केली, नळीचे तोंड तिरपे कापून किंवा दिंडाचे वजन वाढवून, त्याचे नाव कोठे छापलेले नाही. पण दोन चाड्यांची पाभर शेतात चालती झाली ती अशा हातांनी.

कायद्याची रेघ

शिकलेल्या तरुणांपैकी कोणी पेटंटचा मुद्दा काढील. भारताच्या १९७० च्या पेटंट अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात, कशाला शोध म्हणता येणार नाही ह्याची यादी आहे. माहीत असलेल्या साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी, ज्यात प्रत्येक साधन आपापले काम पूर्वीप्रमाणेच स्वतंत्रपणे करते, तिला शोध मानलेले नाही. शेतीची किंवा बागाईतीची पद्धतही शोधांतून वगळली आहे. म्हणजे १८ इंचांच्या अंतराला पेटंट मिळणार नाही. ह्यावरून ते अंतर ठरविणे ही नवनिर्मिती नव्हती असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. कायदा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो : ह्या गोष्टीवर एका व्यक्तीला काही वर्षे एकाधिकार द्यावा काय? शेतीपद्धतीवर असा एकाधिकार कोणाला मिळू नये ह्यात शेतकऱ्याचेच हित आहे.

बियाण्यांच्या बाबतीत कायद्याने वेगळी वाट काढली. वाणांची सुधारणा बहुतेक वेळा निवडीने होते, आणि निवड म्हणजे आहे त्यातूनच वेचणे. रब्बी ज्वारीचा मालदांडी ३५-१ हा वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे ह्यांना १९८३ साली आपल्या शेतातील "पटेल ३" ह्या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखल्या, पुढे अनेक हंगाम त्यांचे बी वाढविले, आणि त्यातून बारीक दाण्याचा "एचएमटी" भात पुढे आला. हे नाव त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून पडले. खोब्रागडे २०१८ साली वारले. त्यांनी भाताचे रोप घडविले नाही, हे खरे. पण त्या लोंब्या ओळखणारी नजर आणि दरवर्षी त्या राखण्याची चिकाटी त्यांची होती. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाची नोंदणी करण्याची सोय केली आहे. पाभरीत सुधारणा करणाऱ्या सुतारासाठी अशी सोय अद्याप नाही. त्याची नोंद निदान कार्यकर्त्याच्या दैनंदिनीत तरी व्हावी.

तपासणी कशी करावी?

गावात कोणी पाभरीत, कोळप्यात किंवा अन्य अवजारात बदल केल्याचे आढळल्यास त्याला "जुगाड" म्हणून सोडून देऊ नये, आणि लगेच हारतुरे घालूनही मोकळे होऊ नये. त्याची तपासणी करावी. दोन चाड्यांच्या पाभरीसाठी ती पुढीलप्रमाणे करता येते.

दोन तासांत ४५ सें. मी. अंतर असले तर एक हेक्टर क्षेत्रात तासांची एकूण लांबी सुमारे २२ कि. मी. भरते. तिफण एका खेपेस १.३५ मीटर रुंदी पेरते; म्हणजे ७४ मीटर चालल्यावर १०० चौरस मीटर, अर्थात हेक्टराचा शंभरावा भाग पेरून होतो. सपाट जागेवर ७४ मीटर अंतर मोजून दोन खुंट्या ठोकाव्यात. प्रत्येक नळीच्या तोंडाला कापडी पिशवी बांधावी, फण जमिनीत न जातील अशा बेताने पाभर उचलून धरावी आणि नेहमीच्या चालीने एका खुंटीपासून दुसरीपर्यंत न्यावी. हेक्टरी १० किलो बियाणे पेरावयाचे असल्यास बियाच्या तिन्ही पिशव्यांत मिळून १०० ग्रॅम बी आले पाहिजे. मध्यम जमिनीतील कोरडवाहू ज्वारीला हेक्टरी ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद द्यावयाचे, म्हणजे ८७ किलो युरिया आणि १२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट. त्या हिशेबाने खताच्या पिशव्यांत एकूण २ किलो १२० ग्रॅम मिश्रण जमले पाहिजे. एकूण वजन बरोबर आले तरी तिन्ही पिशव्या वेगवेगळ्या तोलाव्यात. एक पिशवी हलकी भरली तर दोष मुठीत आहे की नळीत, हे हात बदलून पाहिल्यास समजते. ही परीक्षा मूठ धरणाऱ्या भगिनीसमोर आणि तिच्या सल्ल्याने करावी. चाड्यात काय बिघडले आहे हे तिला इतर कोणाहूनही आधी कळते.

त्यानंतर प्रत्यक्ष शेतात, एकाच दिवशी, एकाच वाफशावर, अर्धे शेत जुन्या पाभरीने व अर्धे नव्या पाभरीने पेरावे. बियाणे व खत दोन्हीकडे सारखेच असावे; जुन्या बाजूस खत त्या घरच्या नेहमीच्या रीतीने द्यावे. पेरणी झाल्याबरोबर दहा ठिकाणी खुरप्याने माती अलगद बाजूस सारून बी किती खोल पडले आणि खत त्याच्यापासून किती दूर आहे हे पट्टीने मोजावे. ज्वारीचे बी ५ ते ७ सें. मी. खोल सापडावे. बी व खत एकमेकांना लागून आढळले तर नळीचे तोंड सुताराकडून दुरुस्त करून घेतल्याशिवाय पुढे पेरू नये. दहाव्या दिवशी दोन्ही बाजूंना एकेक मीटर तासातील रोपे मोजावीत, आणि काढणीच्या वेळी दोन्ही भागांचे धान्य व कडबा वेगवेगळे तोलावेत. कडबा विसरू नये. ज्वारीच्या मुलखात निम्मा हिशेब कडब्याचा असतो. एका हंगामावर विसंबणे बरे नव्हे, म्हणून दुसऱ्या वर्षी दुसऱ्या शेतकऱ्याच्या, शक्य तर हलक्या जमिनीत, हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

ही सर्व मापे दैनंदिनीत लिहिताना पाभरीचे लहानसे रेखाचित्र काढून नळ्यांच्या तोंडांची उंची व त्यांतील अंतर त्यावर मांडावे, दिंडाचे लाकूड व वजन नोंदवावे, आणि बदल कोणी सुचविला व कोणत्या सुताराने केला ही दोन्ही नावे त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने, गावाच्या नावासह लिहावीत.